‘आरपार दिसणारा चष्मा’ आणि सीटीची सीडी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिक्स्ड रिॲलिटीचा, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यातच कॉम्प्युटरचं थ्रीडी चित्र दाखवणारा चष्मा लावून लिव्हर कॅन्सरचं ऑपरेशन, अशा बातम्या हल्ली सारख्या वाचायला मिळतात आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, की डॉक्टरांना आता पोटाच्या आरपार दिसतं. तसं काही दिसत नाही हो! सीटी स्कॅनच्या खोलीत माझी सगळी नोकरी गेली, म्हणून लिहायला बसलो. चष्म्यात दिसतं ते आधी कधीतरी काढलेल्या सीटीवरून बनवलेलं थ्रीडी मॉडेल, आणि सीटी काढताना आम्ही पेशंटला सांगतो श्वास रोखून धरा, हलू नका, म्हणजे मॉडेलमधलं लिव्हर जागच्या जागी थांबलेलं. टेबलवर मात्र पेशंट व्हेंटिलेटरवर असतो, लिव्हर प्रत्येक श्वासाला वरखाली होतं, दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर पोटात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, त्यात सर्जन लिव्हर आजूबाजूपासून मोकळं करून वळवतात तेव्हा त्याचा आकारच बदलतो. मग ते चित्र खऱ्या लिव्हरवर तंतोतंत बसवणार कसं? हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. हाडाच्या ऑपरेशनला त्यामानाने सोपं, हाड काही असं लवत नाही. म्हणूनच ऑपरेशन चालू असताना थेट लिव्हरवर टेकवायचा सोनोग्राफीचा प्रोब कुठेही गेलेला नाही, गाठ या क्षणाला कुठे आहे ते तोच दाखवतो.

मग चष्मा काय फुकटचा थाट आहे का, तर तसंही नाही. क्लोद कुइनो या फ्रेंच सर्जननी लिव्हरचे आठ भाग सांगितले, पण ते बाहेरून रेघ मारल्यासारखे दिसत नाहीत, आत पोर्टल व्हेन (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी मोठी शीर), धमनी आणि पित्तनलिका कशा फाटे फोडत जातात त्यावर ते ठरतात, आणि हे फाटे माणसागणिक वेगळे असतात. गाठ तर पूर्ण निघाली पाहिजे, पण मागे राहणाऱ्या भागाला रक्त आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन्ही वाटा शाबूत हव्यात. शिवाय तो भाग पुरेसा हवा, निरोगी लिव्हर असेल तर साधारण २५-३० टक्के, सिरोसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार) असेल तर ४० टक्के धरतात. लिव्हरपासूनच सुरू झालेल्या कॅन्सरच्या बऱ्याच पेशंटना आधीचा सिरोसिस असतो, तिथे हा हिशोब चुकला तर ऑपरेशन छान होऊनही पेशंट लिव्हर फेल होऊन जातो. हे सगळं सपाट स्क्रीनवर एकेक काप बघत डोक्यात जुळवायचं, त्यापेक्षा मॉडेल हवेत समोर ठेवून चारी बाजूंनी फिरून बघणं केव्हाही बरं, आणि ऑपरेशनच्या मध्येच बघायचं झालं तरी हवेत नुसता हात हलवून ते फिरवता येतं, माऊसला हात लावून ग्लोव्ह बदलत बसायला नको.

नॉर्वेतल्या ऑस्लो युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या इंटरव्हेन्शन सेंटरमध्ये होलोलेन्स हा मायक्रोसॉफ्टचा असाच चष्मा घालून लिव्हरच्या ऑपरेशनचं प्लॅनिंग करून बघितलं ते यासाठीच. तिथली गरजही समजून घ्या. आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलेल्या २८० पेशंटवर त्यांनी तुलना केली होती, २०१८ मध्ये ती छापून आली, ऑपरेशननंतरच्या कॉम्प्लिकेशन्स पोट उघडून केलेल्या ओपन ऑपरेशनमध्ये ३१ टक्के तर दुर्बिणीने १९ टक्के. म्हणजे दुर्बीण पेशंटला मानवते, पण सर्जनचा हात आत जात नाही, गाठ बोटांनी चाचपता येत नाही, आणि ती उणीव डोळ्यांनी भरून काढायची म्हणून ही धडपड.

आता जरा वेगळी गोष्ट. २०१९ मध्ये आलेल्या होलोलेन्स २ चं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवलं. गेमिंग आणि ऑफिसचा धंदा बघणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर ऑपरेशन थिएटरची पद्धत बेतायची का, याचा विचार हॉस्पिटलांनी करावा (आणि अर्धा किलोच्या वर वजन डोक्यावर घेऊन तासन् तास उभं राहायचं, तेही आहेच).

पण मला खरी कळकळ आमच्या सीटीची. मॉडेल चांगलं व्हायला लिव्हरचा सीटी वेगवेगळ्या फेजमध्ये हवा, कॉन्ट्रास्ट (शिरा उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) धमनीत असताना एकदा, मग पोर्टल व्हेनमध्ये पोचल्यावर, शेवटी थोडं थांबून, आणि काप पातळ हवेत, एक-दीड मिलिमीटरचे. पेशंटच्या हातात मात्र जाडजाड कापांच्या फिल्मा पडतात, त्यावरून कुठलंही सॉफ्टवेअर मॉडेल बनवू शकत नाही, मग मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात गेल्यावर पुन्हा सीटी, पुन्हा कॉन्ट्रास्ट, पुन्हा खर्च. नातेवाइकांनी सेंटरवर स्पष्ट सांगावं, फिल्म द्या न द्या, पातळ कापांचा पूर्ण डायकॉम डेटा (म्हणजे सीटीच्या मूळ डिजिटल फायली) सीडीवर नाहीतर पेनड्राइव्हवर द्या. आणि मॉडेल आपोआप बनत नाही, सॉफ्टवेअरने आखलेल्या शिरा आणि गाठी रेडिओलॉजिस्टला तपासून दुरुस्त कराव्या लागतात, त्यांचं नाव बातमीत कधी वाचलंय का?

तेव्हा पुढची अशी बातमी छापताना तुमच्या वार्ताहरांनी एवढं तरी विचारावं, की चष्मा नुसता प्लॅनिंगला वापरला की ऑपरेशन चालू असतानाही, सोनोग्राफीने पडताळलं का, आणि बिलात त्याचे वेगळे पैसे किती लावले.

आपला,
एक निवृत्त सीटी टेक्निशियन, नाशिक