तरुण कामगार पर्यवेक्षक व्हायला का कचरतात?

मा. संपादक,

जबाबदारीची जागा देऊ केली तरी तरुण कामगार ती घेत नाहीत, अशी तक्रार सोलापूरच्या चादर-टॉवेल कारखानदारांकडून वारंवार ऐकू येते. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत अनेक वर्षे पर्यवेक्षक म्हणून काम केल्यावर माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, तरुणांना दोष देण्याआधी ही जागा त्यांना कोणत्या अटींवर दिली जाते, ते पाहिले पाहिजे.

यंत्रमागावर चोख काम करणाऱ्या मुलाला एके दिवशी ‘उद्यापासून पाळी तू सांभाळ’ एवढेच सांगितले जाते. पगार थोडा वाढतो, पण पर्यवेक्षक झाल्यामुळे ओव्हरटाइमचा दुप्पट मोबदला बंद होतो आणि महिन्याकाठी हातात पूर्वीपेक्षा कमी रक्कम पडू शकते. वेतन 21,000 रुपयांच्या पुढे गेले, तर चालू अंशदान कालावधी, म्हणजे वर्गणीची सहामाही, संपल्यावर कर्मचारी राज्य विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयचे, संरक्षणही जाते. घरात आजारी आईवडील असलेल्या मुलासाठी ही बाब किरकोळ नाही. शिवाय 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार पर्यवेक्षकाचे काम करून दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारी व्यक्ती ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे कामावरून काढल्यास कामगार म्हणून दाद मागण्याचा मार्ग तिला उरत नाही. हा सगळा हिशेब करून एखाद्याने नकार दिला, तर त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

आणि तरीही या मुलांनी पुढे यावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या कारखान्यांत एकाच पाळीत मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसे असतात. ज्येष्ठ विणकराशी त्याच्या तेलुगूत बोलून, त्याचा मान राखून काम करून घेणे बाहेरून आलेल्या पदवीधराला सहज साधत नाही. मागावरच शिकलेल्या मुलाला ते साधते, आणि मागाचा आवाज बदलताच बिघाड कुठे आहे हेही त्याला कळते. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या नावाला साजेसा दर्जा रोजच्या रोज राखायचा तो याच माणसाने. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतील तरुणींचाही विचार या जागांसाठी व्हायला हवा, तो फारच कमी होतो.

माझी मालकवर्गाला विनंती आहे की, नव्या पर्यवेक्षकाचे वेतन ठरवताना त्याचा बुडणारा ओव्हरटाइम आधी भरून काढावा आणि ईएसआय संपत असल्यास कुटुंबासाठी आरोग्य विमा उतरवावा. पहिले सहा महिने प्रायोगिक ठेवून, न जमल्यास मूळ वेतनावर सन्मानाने मागावर परतण्याची मुभा लेखी द्यावी, कारण कालपर्यंत ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांनाच आज सूचना देण्याचे दडपण मोठे असते. कामाची वाटणी, सुताचा हिशेब, हजेरी आणि दोन कामगारांतील भांडण मिटवणे या गोष्टी शिकवाव्या लागतात. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी शासकीय आयटीआय आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ यांच्या मदतीने त्यासाठी छोटा वर्ग सुरू करावा, त्याचे शुल्क कारखान्याने भरावे आणि वर्गाचे तास कामाचे तास म्हणून धरावेत.

आपला,
एक निवृत्त पर्यवेक्षक, साखर पेठ, सोलापूर