म्युनिकहून, रविवारी

ती. आई व आबा यांना साष्टांग नमस्कार. आजीला हे वाचून दाखवाल तेव्हा सावकाश वाचा.

रोज फोन होतो, तरी लिहायला बसले. फोनवर आजीला माझं बोलणं नीट ऐकू जात नाही, आणि आई, तुझा निम्मा वेळ ‘जेवलीस का’ मध्ये जातो. जेवले. परवा आवाज बसलेला वाटला तो सर्दीने, रडून नाही. आणि रात्रपाळी संपवून मी एकटी येत नाही, कामावरच्या केरळच्या दोघी सोबत असतात. आबांनी उगाच काळजी करत बसू नये.

इथला रविवार मात्र तुम्हाला समजावून सांगायलाच हवा. रविवारी किराणा दुकानसुद्धा बंद. दूध, पाव, भाजी सगळं शनिवारीच आणून ठेवायचं. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, अंगणातलं गवत मशीनने कापायचं नाही. रिकाम्या बाटल्या टाकायला कोपऱ्यावर मोठे पेटारे असतात, पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी काचेला वेगवेगळे. पण बाटली आत पडली की फुटल्याचा आवाज होतो, म्हणून रविवारी आणि रात्री तीही टाकायची नाही! मला हे माहीत नव्हतं. मी पिशवी घेऊन निघाले तर तळमजल्यावरच्या आजींनी मनगट धरलं आणि एवढंच म्हणाल्या, "आज रविवार आहे." मी भरलेली पिशवी तशीच वर आणली. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी मिळून शांत राहायचं ठरवणं ही मोठी गोष्ट आहे. आई, तुला असा एक तरी रविवार मिळाला आहे का?

तर अशाच एका रविवारी लेनबाखहाउस नावाच्या संग्रहालयात गेले. (तिकिटाचे पैसे जेवणातून वाचवलेले नाहीत.) तिथे गाब्रिएले म्युंटर या बाईंची चित्रं आहेत. जन्म १८७७चा, बर्लिनचा. त्या शिकायला म्युनिकला आल्या तेव्हा इथल्या सरकारी कला अकादमीत मुलींना घेतच नव्हते. मग त्या एका खाजगी शाळेत गेल्या. तिथे कांडिन्स्की हे रशियन चित्रकार शिकवत. पुढे दोघं बरोबर राहिले, बरोबर रंगवू लागले. १९०९ मध्ये मुर्नाउ या डोंगराजवळच्या गावात बाईंनी घर घेतलं.

रंग असे की आपल्या पोळ्याच्या बैलांची आठवण यावी. निळा तो निळाच, पिवळा तो पिवळाच, आणि भोवती जाड काळी रेघ. ‘ऐकताना’ नावाच्या चित्रापाशी मी खूप वेळ उभी राहिले. याव्हलेन्स्की हे त्यांचे चित्रकार मित्र टेबलाशी बसले आहेत. गुलाबी गोल चेहरा, गोल निळे डोळे, समोरचा काय बोलतोय ते समजून घ्यायची केवढी धडपड! पहिल्या वर्षी वर्गात मीही अशीच बसत होते.

आणि आजी, तुला सांगायचं ते हे. या बाई मुर्नाउच्या कारागिराकडून काचेवर चित्रं काढायला शिकल्या. आपल्या देवघरातली पणजोबांनी आणलेली लक्ष्मी आहे ना, तीच पद्धत. काचेच्या मागच्या बाजूने रंगवायचं, म्हणजे सगळं उलट्या क्रमाने. आधी नथीतला मोती, मग नाक, मग चेहरा, शेवटी मागचा रंग. मोती चुकला तर वरून दुरुस्त करता येत नाही. ती छोटी चित्रं पाहताना मला देवघरातल्या तेलाचा वास आला. तिथून पुढे पाय निघेना.

१९१४ मध्ये लढाई लागली आणि कांडिन्स्कींना जर्मनी सोडावी लागली. बाई स्टॉकहोमला जाऊन त्यांची वाट पाहत राहिल्या. १९१५च्या अखेरीस ते येऊन भेटले, १९१६ मध्ये परत गेले आणि पुढच्या वर्षी मॉस्कोत दुसरीशी लग्न केलं. बाईंना ते फार उशिरा कळलं. तरी स्वतःकडे राहिलेली कांडिन्स्कींची चित्रं बाईंनी फेकली नाहीत. नाझींनी १९३७ मध्ये याच शहरात अशा चित्रांचं ‘भ्रष्ट कला’ म्हणून प्रदर्शन मांडलं, आणि बाईंनी सगळा ठेवा मुर्नाउच्या तळघरात लपवून ठेवला. १९५७ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, त्यांनी हजारावर कलाकृती या संग्रहालयाला देऊन टाकल्या. मी पाहिलेलं बरंचसं त्यातलंच.

आता कऱ्हाडच्या स्थळाचं. आई, मी फोनवर ‘बघू’ म्हणते, कारण तुझा आवाज पडलेला ऐकवत नाही. पण ती वाट पाहण्याची गोष्ट वाचल्यापासून मला झोप नाही. मुलगा चांगला आहे, म्हणूनच त्याला ताटकळत ठेवायचं नाही. माझं शिक्षण अजून दीड वर्ष आहे आणि नंतर दोन वर्षं तरी मी इथेच काम करणार. त्यांना माझ्या नावाने सरळ ‘नाही’ कळवा. आबांना चारचौघांत ऐकून घ्यावं लागेल, ते मला माहीत आहे.

आजीच्या मोतीबिंदूसाठी २०,००० रुपये पाठवले आहेत. दादाच्या ट्रॅक्टरच्या हप्त्यात घालू नका, त्याचे पुढच्या महिन्यात पाठवते. ऑपरेशनला मी नसेन. दिवाळीलाही जमत नाही, रजा संपली. वहिनीला म्हणावं, चकलीची भाजणी पाठवू नकोस, इथे मिळते. मिळत नाही, पण टपालाचा खर्च फार येतो.

आणि दिवाळीच्या साफसफाईत लक्ष्मीची काच मागून ओल्या फडक्याने पुसू नका. रंग मागच्या बाजूला आहे, निघून येईल.

तुमची,
ताई