‘१९८४’मधले जुने अंक

संपादक महोदय,

शहरात सीसीटीव्ही बसले की जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीची आठवण काढायची, असा रिवाजच पडला आहे. आपल्या रविवार पुरवणीतील लेखानेही तोच पाळला. पाळतच वाचायची तर रशियन लेखक झाम्यातिनची ‘आम्ही’ ही कादंबरी जास्त कडक आहे. तिथे घरेच काचेची, आणि पडदा ओढायचा तर गुलाबी चिठ्ठी लागते. ऑर्वेलच्या (१९४९) कादंबरीत टेलिस्क्रीन, म्हणजे घराघरांतून नजर ठेवणारा पडदा, आहेच. पण नायक विन्स्टन स्मिथ पगार घेतो तो सत्य मंत्रालयात बसून ‘टाइम्स’चे जुने अंक ‘दुरुस्त’ करण्याचा. लेखात याचा उल्लेखही नाही.

कामाची पद्धत ऑर्वेलने बारकाईने दिली आहे. नळीतून चिठ्ठी येते. तीत ‘खोटे लिहा’ असे कधीच नसते. मुद्रणदोष, चुकीचे अवतरण अशीच भाषा. विन्स्टन तो अंक मागवतो, नवा मजकूर यंत्राला सांगतो, अंकाला जोडून परत पाठवतो आणि चिठ्ठी भट्टीत टाकतो. मग पूर्ण अंक पुन्हा छापतात, मूळ प्रत नष्ट करतात आणि नवी फायलीला लावतात. उदाहरणार्थ, बुटांचे १४ कोटी ५० लाख जोड बनतील असा सरकारी अंदाज होता, बनले ६ कोटी २० लाख. विन्स्टन जुना अंदाजच ५ कोटी ७० लाखांवर आणतो, म्हणजे उद्दिष्टापेक्षा जास्त काम! बूट मुळात बनले की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

चॉकलेटचे तसेच. यंदा शिधा घटणार नाही, हे फेब्रुवारीतले वचन. एप्रिलमध्ये तो ३० ग्रॅमवरून २० वर येतो, तेव्हा जुन्या अंकातले वचन पुसून तिथे कपातीचा इशारा घातला जातो. दुसऱ्याच दिवशी शिधा २० ग्रॅमपर्यंत ‘वाढवल्या’बद्दल आभाराचे मोर्चे निघाल्याची बातमी येते, आणि शेजारचा पार्सन्स ती सहज गिळतो. शंका आलीच, तरी ताडून बघायला कागद कुठे उरला आहे?

ऑर्वेलने हे हवेतून आणले नव्हते. स्पेनच्या यादवी युद्धात तो स्वतः लढला होता. जिथे लढाईच झाली नाही तिथल्या घनघोर लढाया वर्तमानपत्रांत वाचल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १९५४मध्ये, सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना नवी पाने टपालाने आली: बेरियावरची (स्टालिनचा गुप्त पोलीसप्रमुख, ज्याला नुकताच मृत्युदंड दिला होता) पाने कात्रीने किंवा ब्लेडने कापा आणि ही चिकटवा. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची भरघोस माहिती होती.

पुस्तके जाळली तर निदान धूर तरी दिसतो. संकेतस्थळावरच्या बातमीतला आकडा किंवा मथळा बदलला, तर ‘अद्ययावत’ या शब्दापुढे फक्त वेळ दिसते. आधी काय होते ते कळत नाही. यात कुणाचा डाव असतोच असे नाही, बहुधा घाईच असते. तरीही आपल्या दैनिकाने तीन गोष्टी कराव्यात. बदललेल्या बातमीखाली जुना मजकूर, नवा मजकूर, बदलाची वेळ आणि कारण द्यावे. मागे घेतलेल्या बातमीचा दुवा कोरा न ठेवता तिथे तसे स्पष्ट लिहावे. आणि ई-पेपरची मूळ पाने दुरुस्तीनंतरही जशीच्या तशी ठेवावीत. दुरुस्ती पुढच्या अंकात ‘चूकभूल’ चौकटीत छापावी.

— एक वाचक, सांगली