मुलाखतीला न्यायच्या नमुन्यांविषयी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. टेक्निकल रायटरच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिणाऱ्याच्या, जागेसाठी मुलाखत ठरली याचा फार आनंद झाला. तिथे दाखवायच्या लेखनाच्या नमुन्यांबद्दल तू लिहिलंस, की चांगलं आहे ते एकट्याचं नाही आणि एकट्याचं आहे ते फारसं चांगलं नाही. त्या काळजीपोटी तू टीमचं मॅन्युअल आपल्या एकट्याच्या नावावर दाखवायला निघालास, तर मला मनापासून वाईट वाटेल. म्हणून लगेच लिहितो आहे.

अरे, आपल्या कामात एकट्याचं असं असतं किती? डेव्हलपर मजकूर तपासतो, संपादक कात्री लावतो, आधीच्या लेखकाचे परिच्छेद तसेच राहून जातात. मुलाखत घेणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. जाडजूड मॅन्युअल समोर आलं की मी हमखास विचारतो, यातलं तुम्ही नेमकं काय केलंत? ज्याने खरंच काम केलेलं असतं तो इथे खुलतो. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून आणणारा ‘आम्ही असं केलं’, ‘तसं ठरलं होतं’ यापुढे जात नाही.

तेव्हा प्रत्येक नमुन्याला चार-पाच ओळींची टीप जोड. वाचक कोण होता, माहिती कुठून मिळवलीस, आधीपासून काय होतं, तू काय लिहिलंस, कोणी तपासलं. उदाहरणार्थ असं लिही: ‘इन्स्टॉलेशनचं प्रकरण जुनं होतं. मी पायऱ्यांचा क्रम बदलला, कारण परवानग्या देण्याची सूचना शेवटी होती आणि लोक त्याआधीच अडकत होते. एरर मेसेजचा तक्ता पूर्ण माझा.’ एवढ्यावरून तू विचार कसा करतोस ते कळतं. नुसत्या देखण्या पानांवरून ते कळत नाही, कारण देखणेपण बऱ्याचदा टेम्प्लेटचं असतं. जुनं पान आणि तू सुधारलेलं पान अशी जोडी दाखवायची परवानगी असेल, तर ती सर्वांत आधी ठेव. मजकूर घडवताना एआयची मदत घेतली असेल तर तेही टीपेत येऊ दे, आणि त्यातलं काय तू पडताळून पाहिलंस तेही.

गोपनीयतेचं मात्र नीट ऐक. एकदा एका उमेदवाराने आधीच्या कंपनीचं अंतर्गत वापरासाठीचं डॉक्युमेंट आमच्यापुढे ठेवलं. लेखन उत्तम होतं, पण आमच्या मनात एकच आलं, उद्या हा आमची पानंही अशीच दुसरीकडे दाखवेल. तू एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) सही केली आहेस, तेव्हा शंका असेल तिथे लेखी परवानगी माग, नाही मिळाली तर ते पान सोडून दे. ‘ते काम दाखवता येत नाही, पण माझी पद्धत सांगतो’ हे उत्तर मुलाखतीत चांगलं चालतं. आणि पीडीएफमध्ये नावांवर काळी पट्टी ओढली म्हणजे काम झालं असं समजू नकोस. खालचा मजकूर अनेकदा तसाच राहतो आणि कॉपी करून कुणालाही वाचता येतो. स्क्रीनशॉटमधली ग्राहकांची नावं, सर्व्हरचे पत्ते, फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नाव, सगळं तपास. वेबसाइटवर प्रसिद्ध झालेलं काम असेल तर लिंक दे, पण तुझ्यानंतर इतरांनी ते पान बदललं असेल तर तसं सांग.

एवढं करून हाती फार उरत नसेल, तर नवीन लिही. एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाचं (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो) अपुरं रीडमी, म्हणजे ओळख करून देणारी फाइल, पूर्ण कर, किंवा सार्वजनिक एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागण्याची सोय) घेऊन त्यातल्या एका एंडपॉइंटचं, म्हणजे जिथे मागणी पाठवायची त्या पत्त्याचं, नीट वर्णन लिही: पॅरामीटर, नमुना रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, चुकलं तर काय दिसतं. ओपन सोर्सचा मोठा फायदा म्हणजे कोणती ओळ कोणी कधी बदलली ते गिटच्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात राहतं आणि तपासणाऱ्यांच्या सूचनाही उघड दिसतात. श्रेय कुणाचं हा वादच उरत नाही. गूगलने २०१९ मध्ये ‘सीझन ऑफ डॉक्स’ सुरू केलं, ते टेक्निकल रायटर आणि ओपन सोर्स प्रकल्प यांना एकत्र आणण्यासाठीच. पण त्यासाठी अशा एखाद्या उपक्रमाची वाट बघायची गरज नाही. असा नमुना सरावासाठी लिहिला असेल तर तसं स्पष्ट लिही, त्यात कमीपणा काही नाही.

नमुने थोडेच ने. ज्या पानाबद्दल वाक्यागणिक ‘हे असं का’ सांगता येईल, तेच निवड. रविवारपर्यंत टिपांसकट मला पाठव. मी फोनवर मुलाखतीसारखे प्रश्न विचारीन आणि अजिबात सवलत देणार नाही.

तुझा मित्र