लघवी होते का, एवढं तरी विचारा

संपादक महोदय,

गेल्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातल्या आमच्या मामांना जुलाब लागले. अंग दुखतंय म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या, रोजची रक्तदाबाची गोळीही चालूच. तिसऱ्या दिवशी दिवसभरात लघवी जेमतेम कपभर, तीही कोऱ्या चहासारखी. बेळगावला नेलं तेव्हा मूत्रपिंडं बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन चारच्या वर होतं. सलाइनवर सावरले, डायलिसिस टळलं.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. अंगातलं पाणी आटून रक्तदाब उतरला की हा पुरवठा कमी पडतो आणि आतल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी प्राणवायूविना मरू लागतात. त्यात काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडात रक्त नेणारी धमनी आवळतात. पुरवठा पूर्ववत झाला तरी परतणाऱ्या प्राणवायूमुळेही इजा होते, आणि ती रोखणारं खात्रीचं औषध अजून नाही. रक्ततपासणीत बिघाड उशिरा दिसतो. लघवी त्याआधी सांगते.

मामांना फक्त मराठी वाचता येतं. औषधाच्या पाकिटावर इंग्रजी, दवाखान्यातल्या फलकावर कन्नड. ऊसतोडीला, शेतात उन्हात राबणाऱ्या कितीतरी जणांचं हेच आहे. सीमाभागातल्या आरोग्य केंद्रांत कन्नडबरोबर मराठीतही चार ओळी लावा: जुलाब-उलट्यांत ओआरएस घ्या, मनाने वेदनाशामक घेऊ नका, रक्तदाबाची गोळी चालू ठेवायची का ते डॉक्टरांना विचारा, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात या. औषध दुकानदारांनीही गोळी देण्याआधी एवढी चौकशी करावी, ही हात जोडून विनंती.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)