पाटीबद्दल

नाशिक

ती. बाबा आणि आई,
सा. न.

दादासोबत पाठवलेली पितळी पाटी पोचली. बाबा, फोटोसाठी तुमचे दोन फोन येऊन गेले. दोन्ही वेळा मी ‘ड्रिलवाला आला नाही’ म्हणाले, ते खोटं होतं. पाटी कपाटामागे उभी आहे. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय.

नावाखाली तुम्ही ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ कोरून घेतलंत. ती, म्हणजे मानसिक आजारांची तपासणी आणि उपचार करणारी नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ, मी नाही. एम.ए. केलं, समुपदेशनाची पदविका केली, गंगापूर रोडवर सहा वर्षं बसतेय, पण ते दोन शब्द लावायचे तर भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत नाव हवं. कायदा १९९२ चा आहे. मला त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षं पूर्णवेळ एम.फिल. करावं लागलं असतं, रुग्णांमध्ये, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली व्याख्याही साधारण तेच मागते. त्या वेळी घराचा हप्ता होता, तुमचं ऑपरेशन होतं. राहून गेलं.

नोंदणी नसताना ती प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाटीला तुम्ही अठराशे मोजलेत!

दंडाचं सोडा, खरं अडतं ते सहीपाशी. मागच्या महिन्यात सिडकोतली एक आई मुलाला घेऊन आली होती. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल हवा होता. मुलगा तीन महिने माझ्याकडे येतोय, माझ्याशीच बोलतो. तरी मला त्यांना दुसरीकडे पाठवावं लागलं, कारण अशा अहवालावरची सही नोंदणीवाल्याचीच चालते. कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायची तरी तेच. त्या बाईने पुन्हा फी भरली, पुन्हा रजा टाकली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. पण नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, कारण त्या कागदावर मुलाची पुढची सगळी वर्षं अवलंबून असतात.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ‘समुपदेशक’ ही पाटी कुणीही लावू शकतं. आमच्याच इमारतीत दोन शनिवार-रविवारच्या कोर्सवर एकाने ‘मनाचे उपचार’ सुरू केलेत, आणि त्याची फी माझ्यापेक्षा जास्त! २०२१ मध्ये केंद्राने आरोग्यसेवेतल्या इतर व्यावसायिकांसाठी वेगळा कायदा केला. त्यात माझ्यासारखे सायकॉलॉजिस्ट येतात, राज्याची नोंदवही ठेवायची तरतूदही आहे. माझ्या हातात मात्र अजून नोंदणीचा नंबर नाही. तो मिळेल त्या दिवशी पहिला फोन तुम्हालाच.

आई, पंचवटीच्या मावशीला सांग, लोकांना ‘आमची डॉक्टर’ म्हणून पाठवू नकोस. परवा एक आजोबा आले आणि झोपेची गोळी लिहून दे म्हणून अडून बसले. मी गोळ्या लिहू शकत नाही, ते काम मनोविकारतज्ज्ञांचं. आजोबांना ते पटलं नाही. चहा पिऊन गेले.

तर बाबा, पाटी मी रविवारी घेऊन येते. वरचं नाव सुरेख आलंय, त्याला हात लावू नका. खालची ओळ घासून तिथे ‘एम.ए. मानसशास्त्र, समुपदेशक’ बसेल का, एवढं कारागिराला विचारून ठेवा. अक्षरं थोडी बारीक झाली तरी चालतील.

तुमची,
ताई