राजवाडे कोणाचे आणि दुरुस्ती कोणाच्या पैशाने?

महोदय,

ब्रिटनच्या राजाच्या संपत्तीचे आकडे देताना लंडनचा बकिंगहॅम राजवाडा आणि स्कॉटलंडमधले बाल्मोरल हे निवासस्थान एकाच यादीत बसवले जातात. हा हिशेबच चुकीचा आहे. बकिंगहॅम व विंडसरचा किल्ला राजपदाकडे असतात, गादीवरच्या व्यक्तीला ते विकता येत नाहीत आणि त्यांची डागडुजी सरकारी अनुदानातून होते. बाल्मोरल (खरेदी १८५२) व सँड्रिंगहॅम (१८६२) मात्र खासगी. म्हणूनच १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने गादी सोडल्यावर सहाव्या जॉर्जला ही दोन्ही घरे थोरल्या भावाकडून पैसे मोजून घ्यावी लागली.

देखभालीच्या खर्चावर टीका करणाऱ्यांनी विंडसरची आग आठवावी. २० नोव्हेंबर १९९२ रोजी खासगी प्रार्थनागृहात प्रखर दिव्याला टेकलेला पडदा पेटला. छतातल्या पोकळ्यांत आग अडवणाऱ्या आडभिंती पुरेशा नव्हत्या, त्यामुळे ज्वाळा आतल्या आत पसरल्या आणि शंभराहून अधिक खोल्यांना झळ बसली. बंबांच्या पाण्याने भिंतीही भिजल्या. सेंट जॉर्ज हॉलचे नवे छत मुद्दाम ओल्या ओक लाकडाचे केले, कारण ते सुकताना आकसते आणि सांधे आवळले जातात. काम पाच वर्षे चालले, खर्च सुमारे ३.६५ कोटी पौंड. त्यातला मोठा वाटा बकिंगहॅम पाहायला आलेल्यांच्या तिकिटांतून निघाला.

बकिंगहॅममधील ७७५ खोल्यांच्या वायरिंगचा काही भाग १९५० च्या दशकातला, रबरी आवरणाचा होता. असे रबर कालांतराने कडक होऊन तडकते, तार उघडी पडते. २०१७ साली सुरू झालेले ३६.९ कोटी पौंडांचे दहा वर्षांचे काम याचसाठी आहे. त्याला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे आहे.

— एक वाचक, पुणे